एकोणचाळीस खुंट्या आणि रंगाचा एक हात

चि. ईशान आणि चि. रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान शाळेच्या प्रश्नमंजूषेची तयारी करत होता. आशियातल्या प्रत्येक देशाचं सगळ्यात उंच नैसर्गिक ठिकाण, असा विषय. त्यानं मला फसवायला म्हणून विचारलं, "आजी, मालदीवचं किती?" मी म्हटलं, "आठ फूट. आपल्या बेडरूमच्या छतालासुद्धा ते टेकायचं नाही." तो ओरडला, "चीटिंग! तू फोनवर बघितलंस." बाळा, मी फोनवर बघितलं नाही. मी ते तेरा-चौदा वर्षांची असताना शिकले, आणि ज्यांच्यामुळं ते पक्कं झालं त्या माझ्या वडलांनी, म्हणजे अण्णांनी, समुद्र कधी पाहिलेला नव्हता. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, आणि मी करतही नाही. पण हातातली कामं आधी उरकून ठेवायची मला सवय आहे. म्हणून हे आता लिहिते आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं. पण ह्यातली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. तुमची आई वाचून दाखवील.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला दोन खोल्यांत राहायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमच्या अंगणातून चिकलठाण्याच्या कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे. दर पाळीला तीन-चार भोंगे एकामागून एक वाजत, कारण प्रत्येक कारखान्याचं घड्याळ वेगळं. आई त्यांतल्या पहिल्या भोंग्याला चूल पेटवायची आणि शेवटच्या भोंग्याला अण्णांचा डबा बांधायची. डब्यात ज्वारीच्या तीन भाकरी, पिठलं नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि एक अख्खा कांदा. कांदा चिरून दिलेला अण्णांना चालत नसे; तो बुक्कीनं फोडला तरच गोड लागतो असं त्यांचं मत. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. मेंढरं सोडून लेथ मशीनवर उभे राहिलेले अण्णा घरातले पहिले. चौथीपर्यंत शिकलेले, पण आकड्यांत असे पक्के की कारखान्यातले डिप्लोमावाले पोरगे त्यांच्याकडून माप तपासून घेत. लेथवर धातूच्या सळया घासून हव्या त्या मापाच्या करायच्या, हे टर्नरचं काम. त्यांच्या खिशात स्वतःचं व्हर्निअर असायचं, मिलिमीटरचा छोटा भागसुद्धा मोजणारं, आणि ते आई घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर देवाशेजारी ठेवायची. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं त्याचं कारणही कारखान्यातलंच. "ड्रॉइंग इंग्रजीत येतं," ते म्हणायचे. "मला आकडे कळतात, अक्षरं कळत नाहीत. पोरीला दोन्ही कळलं पाहिजे."

घरात आजा होता. मेंढरं धाकट्या काकांवर सोपवून तो आमच्याकडं आला होता आणि आता त्याच्यापुढं दिवसभर राखायला काहीच नव्हतं, म्हणून तो आम्हांला राखायचा. अंगणातल्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव, पाणी, चारा विचारायचा. गुलमंडीच्या बाजारातून कापड घेऊन आलेल्या शेजारणीलासुद्धा त्यानं एकदा विचारलं होतं, "तिकडं चारा हाय का?"

शाळेत माझ्या बाकावर मंदा बसायची. सगळ्या वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही मोजक्याच, त्यामुळं बाई फळ्याकडं वळल्या की आमची मराठी सुरू. मंदा छावणीतून, म्हणजे लष्करी कॅम्पच्या भागातून, यायची. तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणायची, छावणीत सुतारकाम करायचे. घर बौद्ध. तुम्हांला हे वेगळं सांगावं लागतंय, आम्हांला तेव्हा कुणी सांगायची गरज नसे, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असायचं. मंदा पहिल्या रविवारी आमच्याकडं आली तेव्हा आईनं तिला चहा दिला तो कोपऱ्यातल्या वेगळ्या कपात. मी पाहिलं, मंदानंही पाहिलं. दुसऱ्या रविवारीही तोच कप. तिसऱ्या रविवारी चहा पिऊन झाल्यावर मंदा उठली, कप विसळला आणि मांडणीत आमच्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला, जणू रोजचंच काम. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. त्यानंतर कोणता कप कुणाचा ते आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नाही. मी ही गोष्ट गाळणार होते. मग वाटलं, नको, असू दे.

त्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी भूगोलाच्या मिसनी आम्हां दोघींना आशिया खंड दिला. दरवर्षी कुणीतरी मातीचा ज्वालामुखी करायचंच आणि त्यातून धूर निघाला की सगळी शाळा टाळ्या वाजवायची. मंदा म्हणाली, आपण धूर काढायचा नाही, आपण मोजायचं. एका फळीवर आशियाचा नकाशा, प्रत्येक देशात एक खुंटी, आणि खुंटीची उंची म्हणजे त्या देशाचं सगळ्यात उंच ठिकाण. यादी करायला आम्हांला दोन आठवडे लागले. सोव्हिएत देश धरून चाळीस देश झाले. एव्हरेस्ट नेपाळच्याही हद्दीवर आणि चीनच्याही, म्हणून शिखर एक आणि खुंट्या दोन. शाळेचा अॅटलास जुना होता; त्याप्रमाणं भारताचं सर्वांत उंच शिखर नंदादेवी. मिस म्हणाल्या, आता सिक्कीम आपल्यात आलंय, कांचनगंगा घ्या. एव्हरेस्टच्या चिठ्ठीवर मंदानं बारीक अक्षरांत तीन नावं बसवली: एव्हरेस्ट, सागरमाथा, चोमोलुंगमा. मी म्हटलं, एक पुरे की, जागा कुठाय? ती म्हणाली, "तिथल्या माणसांनी ठेवलेलं नाव आपण का म्हणून गाळायचं?" मला ती तेव्हा हट्टी वाटली.

खुंट्या करायचं अण्णांनी अंगावर घेतलं. साहेबांना विचारून भंगारातल्या पितळी सळया मिळवल्या आणि जेवणाच्या सुटीत एकेक देश लेथवर चढवू लागले. शंभर मीटरला एक मिलिमीटर, असं प्रमाण ठरलं. एव्हरेस्ट झालं अठ्ठ्याऐंशी पॉइंट अठ्ठेचाळीस. अण्णांनी ते तेवढंच केलं, अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाचसुद्धा नाही. नंदादेवी आधीच झाली होती, ती बाद करून कांचनगंगा करावी लागली तेव्हा ते खूश होते: "देश आठ मिलिमीटरनं वाढला बघ." रोज संध्याकाळी ते खिशातून दोन-तीन देश काढून आज्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि आजा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा.

"ह्याच्यावर मेंढरं चढत्यात का?"

"हा जपानचा हाय. आगीचा डोंगर हाय तो."

"मग कशाला येवढा उंच केला?" आजा म्हणायचा आणि जपान बाजूला सारायचा.

अडचण आली मालदीवची. सिंगापूर पावणेदोन मिलिमीटर, कतार एक मिलिमीटर, इथपर्यंत अण्णांनी चकत्या केल्या. पण मालदीव म्हणजे आठ फूट, अडीच मीटरसुद्धा नाही. मी हिशेब करून दाखवला: एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग. अण्णांनी कागदाकडं दोनदा पाहिलं. "पोरी, ही खुंटी न्हाय. वहीचं पान ह्याच्या चौपट जाड आसतं." दोन दिवस त्यांनी एकही देश घरी आणला नाही; आपल्या मशीनवर होत नाही असं काहीतरी जगात आहे ह्याचा त्यांना अपमान वाटला असावा. तिसऱ्या दिवशी दारातूनच ओरडत आले, "मावलं! मालदीव मावलं! रंगाचा एक हात मारायचा. पातळ. दोन हात मारले तर देश चुकला." त्यांनी कारखान्यात पत्र्यावर रंग मारून, वाळवून, मायक्रोमीटरनं मोजून आणला होता. अशा रीतीनं आमच्या आशियात एकोणचाळीस खुंट्या आणि रंगाचा एक हात, असे चाळीस देश झाले.

फळी मंदाचे दादा करणार होते. पाऊण इंच जाड सागवान, त्यावर निळा समुद्र आणि प्रत्येक देशात एक भोक. अण्णांनी प्रत्येक खुंटीला पाच मिलिमीटरचं शेपूट जास्तीचं ठेवलं होतं, भोकात रुतायला. जाडीसाठी सळईचा एक तुकडा आणि खोलीसाठी एक चिठ्ठी मी मंदाकडं दिली. चिठ्ठीवर अण्णांच्या अक्षरात एवढंच: खोली ५.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळा बंद झाली. मराठवाड्याच्या विद्यापीठाला घटनाकारांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि ते नाव नको म्हणणारे रस्त्यावर आले होते. संचारबंदी लागली. तुम्ही हे मोठे झाल्यावर नीट वाचा, एका परिच्छेदात मावणारी गोष्ट नाही ती. मला तेव्हा दिसलं ते एवढंच: भोंगे वाजत होते पण बसगाड्या नव्हत्या, भाजीवाला येत नव्हता, आणि आई रोज मुगाचं वरण करायची. मंदाकडं जायचं नाही, असं मला सांगण्यात आलं. मंदाच्या गावाकडं त्यांच्या वस्तीतली घरं जाळली गेली होती आणि जीव वाचवून आलेले नातलग छावणीत त्यांच्या दोन खोल्यांत राहत होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आपली खुंट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

शाळा उघडली त्या दिवशी मिसनी सांगितलं, प्रदर्शन उद्याच, परीक्षक येणार म्हणजे येणार. मधल्या सुटीत मंदानं मला जिन्याखाली ओढलं. "फळी झालीय. दादा उद्या घेऊन येतील." मग ती भिंतीकडं बघून म्हणाली, "आणि दादा ऑफिसातनं माझा दाखला काढणार. मला नागपूरला मामाकडं ठेवणारेत. रस्त्यानं एकटी जाऊ देत नाहीत आता."

मी घरी येऊन रडले. आईनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. अण्णा रात्रपाळीला निघाले तेव्हा आईनं डबा देताना त्यांना म्हटलेलं मी ऐकलं, "सकाळी परस्पर शाळंतच जा. त्या पोरीचा बाप भेटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पाळी संपवून, हाताला तेलाचा वास तसाच ठेवून शाळेच्या हॉलमध्ये आले. मंदाचे दादा आधीच आले होते. उंच, वाळलेले, कानावर पेन्सिल, खांद्याला हत्यारांची पिशवी, कारण दाखला घेऊन त्यांना तसंच कामावर जायचं होतं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. फळी इतकी सुंदर झाली होती की मला हात लावायची भीती वाटली. मी खुंट्यांचा डबा उघडला. पहिल्यांदा कतार ठेवलं. ते भोकात गेलं आणि दिसेनासं झालं. मग बहारीन गेलं, कुवेत गेलं, सिंगापूर गेलं. बांगलादेशाचं जेमतेम डोकं वर राहिलं. एव्हरेस्ट लावलं तर ते बाद केलेल्या नंदादेवीपेक्षाही बुटकं झालं. परीक्षक अकराला यायचे होते. नऊ वाजून गेले होते.

अण्णांनी व्हर्निअर काढून एका भोकात घातलं. "मिस्त्री, किती खोल पाडलंय हे?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच. पाच."

"हे सोळा भरतंय."

"पाच सूत म्हंजे सोळाच की."

"सूत? आवो, मी मिलिमीटर लिवलंय!"

"कुठं लिवलंय?" दादांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली. इतक्या दिवसांत ती त्यांनी टाकलेली नव्हती. "दावा मला. नुसतं पाच हाय."

दोघं चिठ्ठीवर वाकले. सुतार सुतात मोजतो, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि त्याला ते वेगळं लिहायची गरज पडत नाही. कारखान्यात आकडा लिहिला की तो मिलिमीटरच. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. मला वाटलं आता भांडण होणार. मंदानं माझा हात घट्ट धरला होता.

"मला वाटलंच व्हतं," दादा म्हणाले, "येवढ्या खोल भोकाचं काय काम? पण म्हटलं, कारखान्यातला माणूस हाय, इचार करूनच लिवलं आसंल."

"आन मी म्हटलं, सुताराला काय सांगायचं, त्यो समजून घेईल."

दादा आधी हसले. मग अण्णा. चार खुंट्या गिळून बसलेल्या फळीपुढं दोन बाप असे हसत होते की ज्वालामुखीवाल्या मुलीही बघायला आल्या.

भोकांचा तळ अकरा मिलिमीटर वर आणायचा होता. दादांनी हॉलभर नजर फिरवली आणि मंदाच्या कंपासपेटीतली पेन्सिल उचलून भोकात सोडली. ती अलगद बसली. "हेच्यात लाकूड चांगलं आसतं," ते म्हणाले. "पोरींनो, पेन्सिली आणा." पाच मिनिटांत पाचवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांतून पेन्सिलींची रास जमली, एका मुलीनं वडलांनी मुंबईहून आणलेली सोनेरी पट्ट्याची दिली आणि कापताना डोळे मिटून घेतले. दादा जमिनीवर मांडी घालून बारीक करवतीनं तुकडे पाडत होते, अण्णा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक तुकडा मोजत होते.

"हा जास्त हाय. घासा."

"टर्नरसाहेब, लाकूड हाय हे, लोखंड न्हाय. एका केसानं काय डोंगर पडत न्हाय."

"पडतो तर! एका केसात सात मीटर जातो. भूतानवाल्यांनी काय म्हणायचं?"

दादा मान हलवत घासायचे, आणि चौथ्या-पाचव्या तुकड्यापासून अण्णांनी सांगायच्या आधीच घासू लागले. फळी उलटी करून, मागून थापट्या मारून बुडालेले देश बाहेर काढले. पावणेअकराला शेवटची खुंटी बसली. अण्णांनी खाली वाकून, एक डोळा मिटून, सगळ्या आशियावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आता व्हय."

परीक्षक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मालदीववर बोट ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाले, इथली खुंटी पडलेली दिसते. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मंदा बोलू लागली. रंगाचा हात का, प्रमाण काय, नैसर्गिक ठिकाण म्हणजे माणसानं बांधलेलं का धरायचं नाही, सगळं. म्हातारे एकामागून एक प्रश्न विचारत राहिले, ती उत्तरं देत राहिली. मी पुढं आयुष्यभर मुलींना इंग्रजी बोलायला शिकवलं. तसं सरळ, न घाबरता बोललेलं फार थोड्या वेळा ऐकलं. दादा पिशवी खांद्याला लावून खांबाशी उभे होते.

"काय म्हणाली ती?" त्यांनी हळूच अण्णांना विचारलं.

"मला बी न्हाय कळलं," अण्णा म्हणाले. "पर आडखळली न्हाय कुठं."

तेवढ्यात ऑफिसातला शिपाई दाखल्याचा अर्ज घेऊन आला, इथं सही करा म्हणाला. दादांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. अण्णांनी विचारलं, "नागपूरला चांगली शाळा हाय का?"

"शाळेचं काय... रस्त्याची भीती हाय, अण्णा. माझं काम सोडून मी रोज इथवर येऊ शकत न्हाय."

"क्रांती चौकापतुर येऊ शकता?"

"तिथवर येईन."

"मग तिथनं फुडं माझी सायकल. जाताना आन येताना. मी महिनाभर रात्रपाळीच मागून घेतो. एक पोरगी दांड्यावर, एक क्यारेजवर. एवढ्या पितळाचं वजन वाहिलं, ह्या दोघींचं काय?"

दादांनी अर्ज शिपायाला परत दिला. "आज नको," ते म्हणाले. "परत लागलं तर येईन."

आम्हांला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्वालामुखीला.

सोमवारपासून अण्णांची सायकल सुरू झाली. महिन्याचे चार महिने झाले. गल्लीतला एकजण नाक्यावरून टोमणा मारायचा, "अण्णा, सवारी मारायला लागले का? कुणाकुणाची पोरं वाहता?" अण्णा सायकल न थांबवता म्हणायचे, "व्हय. तुला बी सोडू का?" आजा मात्र नाराज होता. त्याचं म्हणणं, दोन पोरींना कशाला, चांगल्या दहा-बारा जमवल्या तर हाकत न्यायला मजा येते.

पुढं बरंच झालं. विद्यापीठाला ते नाव लागलं, पण त्याला खूप वर्षं लागली आणि फार माणसं त्यात भरडली गेली. नाव लागलं त्या दिवशी मंदा माझ्या घरी पेढे घेऊन आली होती आणि आम्ही दोघी बराच वेळ बसलो होतो. आता शहराचंही नाव बदललं. चिकलठाण्यातला अण्णांचा कारखाना बंद पडला, तिथं गोदाम आहे. फळी शाळेत होती, नवीन इमारत बांधताना ती कुठं गेली कुणाला माहीत नाही. पितळी खुंट्यांतली एकही राहिली नाही. अण्णा नाहीत, दादा नाहीत, आजा तर केव्हाच गेला.

मंदा नागपूरला गेली नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी करून निवृत्त झाली. हर्सूलला राहते. गुडघ्यांमुळं तिला जिना चढवत नाही, म्हणून दर गुरुवारी मीच तिच्याकडं जाते.